टाचणीचं पहिलं वर्ष

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंडावर फेकायला नको. मला माझ्या भावजयीचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. लोक म्हणतात, मनातलं बोलून टाकलं की माणूस हलका होतो. मी दोनदा बोलून पाहिलं. काही हलकं-बिलकं झालं नाही.

घरात तिला सगळे टाचणी म्हणतात. हे नाव माझ्या धाकट्या भावाने लग्नानंतर महिन्याभरातच ठेवलं. ती कपडे दुरुस्त करून देते. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कमर सैल कर, कोटाचं अस्तर बदल, असली कामं. हात चालू असताना ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे दिवसातले सहा तास ती बोलतच नाही, नुसतं हं आणि हूं. भाऊ शहर बस चालवतो. दिवसभर भोंगे ऐकून आलेल्या माणसाला अशी बायको मिळाली, म्हणजे आणखी काय हवं?

तिची एक खोड मात्र पहिल्यापासून होती. गिऱ्हाइकाचा कोट हातात आला की आधी तो उलटा करायचा. आतली शिवण बोटाने चाचपायची आणि टाचण्या काढून सांगायचं, "ताई, हा याआधी दोनदा सैल केलाय. पहिल्यांदा केला तो कारागीर डावखुरा होता." मी म्हणायची, "बरं मग? त्याला आता शोधून आणायचंय का?" ती हसायची आणि टाचण्या परत तोंडात. मला वाटायचं, बाई जरा अर्धवटच आहे.

आता माझं. मी कॉलेजच्या कचेरीत रेकॉर्डची खोली सांभाळते. सात लोखंडी कपाटं, शंभर वर्षांची रजिस्टरं आणि एक खिडकी, जी उघडत नाही. घरात मात्र माझा मान वेगळा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी एकटी, आणि तेही इतिहास घेऊन. त्यामुळे टीव्हीवर कुठला राजा घोड्यावर बसला, की भाऊ लगेच म्हणायचा, "ताईला विचारा." मी सांगायची. मग पाहुणे आले, की आईचं ठरलेलं वाक्य, "आमच्या मुलीला पहिल्या वर्षी अडुसष्ट टक्के होते. पण तिसऱ्या वर्षाला असताना हिचे बाबा गेले आणि बिचारीला कॉलेज सोडावं लागलं. भावाला शिकवलं, घर सांभाळलं." हे वाक्य आईने सिलिंडरवाल्यालासुद्धा ऐकवलेलं आहे. मी मान खाली घालून ऐकायची. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, ती गाय मी. आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

एका संध्याकाळी टाचणी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "ताई, तुमच्या कॉलेजात सकाळच्या वर्गाला वयाची अट आहे का हो?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी हसले. मग कळलं, की या बाईने बाहेरून दहावी आणि बारावी कधीच उरकली आहे. तीन वर्षांत, शिवणाच्या टेबलाखाली पुस्तकं ठेवून, घरात एकाला पत्ता लागू न देता! फक्त आईला ठाऊक होतं, कारण आई तिच्या शेजारी बसून बटणं निवडायची आणि तिची उजळणी घ्यायची. माझी आई! माझ्या परीक्षेच्या वेळी पंखा माझ्याकडे वळवण्यापलीकडे जिने काही केलं नाही, ती हिची उजळणी घेत होती.

"आणि विषय कुठला घेणार?" मी विचारलं.

"इतिहास," ती म्हणाली. "तुमचं ऐकून ऐकूनच वाटलं, ताई."

घ्या! म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. भावाने एक अट घातली. त्याचंही चूक नव्हतं, कारण सकाळची गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार होती. तो म्हणाला, "एक वर्ष बघू. पन्नास पडले तर पुढे शीक, मी अडवणार नाही. नाही पडले तर मुकाट्याने टेबलाशी बस." पुढे दुसऱ्या वर्षाला खास इतिहास घ्यायचा, तर कॉलेजचीही अट पन्नासचीच. टाचणीने मान डोलावली. अडतिसाव्या वर्षी ती पाठीला पिशवी लावून सकाळी सातच्या वर्गाला निघाली. मी साडेनऊच्या कचेरीला जायची आणि ती परत येताना मला फाटकात भेटायची, तोंडभर हसू घेऊन. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

पहिल्या वर्षाच्या त्या पेपराचं नाव आहे 'जगाच्या इतिहासाची तोंडओळख'. माझ्या वेळीही हेच होतं. एका वर्षात आदिमानवापासून आजपर्यंत सगळं शिकवायचं, म्हणजे धावत्या गाडीतून गाव दाखवल्यासारखंच. आमचे सर आदिमानवाच्या इतके प्रेमात, की सप्टेंबर संपला तरी आम्ही गुहेतच. मग नद्यांकाठची शहरं, मग तांबं, कांसं, लोखंड, मग राजेच राजे. छापखान्यापर्यंत पोचलो तेव्हा मार्च उजाडला होता. शेवटच्या तासाला सर घड्याळ बघत म्हणाले, "उरलेलं घरी वाचून घ्या, सोपं आहे." उरलेलं म्हणजे गेली पाचशे वर्षं! आणि पेपर काढणारेही सरच, त्यामुळे प्रश्न सगळे गुहेतले. मला अडुसष्ट पडले. ते उरलेलं मी काही वाचलं नाही. कुणीच वाचलं नाही.

तर माझा सगळा थाट छापखान्यापर्यंतचा. घरात हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. टीव्हीवर कारखाने आणि संप दिसायला लागले, की मी चहा टाकायला उठायची.

मी मनात म्हटलं, येऊ दे हिला. जुलैमध्ये दगडी हत्यारं सुरू होतील, माझ्या वह्या काढीन, समोर बसवीन आणि शिकवीन. चांगला कडक मास्तर होईन. वह्या झटकून ठेवल्यासुद्धा.

पहिल्याच आठवड्यात ती विचारते, "ताई, टेलिफोनमुळे बायकांच्या नोकऱ्या कशा वाढल्या हो?"

"टेलिफोन? आत्ता? अगं, गुहा झाली का?"

"गुहा मार्चमध्ये आहे," टाचणी म्हणाली. "मॅडम उलटं शिकवतात. आजपासून सुरू करून मागे मागे जायचं. त्या म्हणतात, धागा हातात आहे त्या टोकापासून उसवत जा."

बघा कसं नशीब. माझी ती पाचशे वर्षं, जी मी वीस वर्षं चहाच्या आधणात बुडवली, तिथूनच या बाईची सुरुवात. आणि उसवायचं म्हणे! जसं काही अभ्यासक्रम हिच्याच मापाने बेतला होता. मी आवाज चढवून म्हटलं, "असं उलटं शिकवतात कुठे? डोक्यावर चालायला सांगतील उद्या." टाचणी म्हणाली, "हो ना," आणि वहीत काहीतरी लिहू लागली. माझं उत्तर तिला नकोच होतं, असं मला तेव्हा वाटलं. त्याचाही राग आला.

पावसाळा सरला, थंडी आली. जेवताना आता ती बोलू लागली. वाफेचं इंजिन आलं तेव्हा घड्याळं कशी आली, पोरंसोरं गिरणीत कशी जुंपली, शिवणयंत्राने शिंप्यांचं काय केलं. भाऊ घास हातात धरून ऐकायचा. माझा भाऊ, ज्याने शाळेत इतिहासाच्या तासाला झोपण्याचा विक्रम केला होता! एकदा टीव्हीवर काहीतरी लागलं आणि तो म्हणाला, "टाचणीला विचारा." म्हणून गेला आणि मग माझ्याकडे बघून ओशाळला. "म्हणजे ताईलाही," तो म्हणाला. त्या 'ही'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला कारणही कळलं नाही.

मी म्हटलं, असू दे. फेब्रुवारी येतोय. छापखान्याच्या पलीकडे माझा मुलूख आहे, तिथे गाठते हिला. आली. नद्यांकाठच्या शहरांपाशी मी तिला धरलं आणि सलग अर्धा तास बोलले. धान्याची कोठारं, सांडपाण्याच्या नाल्या, राजे, पुजारी, सगळं सरांच्याच शब्दांत. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, किती पाठ आहे तुम्हाला! पण ते कोठारच होतं, हे कशावरून ठरवलं?"

"म्हणजे काय? कोठारच होतं."

"धान्याचा दाणा सापडला का तिथे?"

मला काय ठाऊक! सरांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. कशावरून, असं विचारायची सोय तरी होती का? आई बटणं निवडता निवडता गालात हसली. बटणं खाली ओतून द्यावीत, असं मला वाटलं.

त्यानंतर आला तो निबंध. मॅडमनी शंभरातले पंचवीस गुण त्याला ठेवले होते. विषय, 'माझ्या घरातलं एक वर्ष'. घरातलं कुठलंही एक वर्ष घ्यायचं आणि त्यात काय झालं ते लिहायचं, पण प्रत्येक वाक्यामागे पुरावा हवा. कागद हवा, वस्तू हवी, नाहीतर पाहिलेला माणूस हवा. नुसतं 'घरात असं म्हणतात' चालणार नाही.

टाचणी म्हणाली, "मी बाबा गेले ते वर्ष घेणार आहे. म्हणजे ताईंनी कॉलेज सोडलं ते. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, पण मला त्या वर्षाचं काहीच नीट ठाऊक नाही."

आता तुम्हालाही सांगायलाच हवं. बाबा गेले म्हणून मी कॉलेज सोडलं, हे खोटं आहे. मी दुसऱ्या वर्षाला नापास झाले होते. दुसऱ्या वर्षाचा मोठा पेपर सुरूच होत होता छापखान्यानंतर, आणि 'पहिल्या वर्षी झालंय ते तुम्हाला येत असेलच' म्हणून त्या वर्षीच्या बाईंनी मागचं काही शिकवलं नाही. जूनमध्ये निकाल लागला. घरी मी सांगितलं, पास. जुलैमध्ये तिसऱ्या वर्षाचे प्रवेश झाले, त्यात मी नव्हते. तरी रोज डबा घेऊन घरातून निघायची, सार्वजनिक वाचनालयात बसायची, डबा खायची आणि पाचला परत यायची. आज सांगते, उद्या सांगते, असं करत ऑगस्ट उजाडला आणि एकोणीस ऑगस्टला बाबा गेले. पाणीखात्यात ते घरोघर जाऊन मीटर वाचायचे. छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं, पण त्यांनी रजा घेतली नाही. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कोसळले आणि दोन दिवसांनी दवाखान्यात संपले. तेराव्या-चौदाव्या दिवशी कुणीतरी मला विचारलं, "आता तुझ्या कॉलेजचं काय गं?" मी म्हटलं, "आता कसलं कॉलेज." एवढंच बोलले मी. बाकीचं लोकांनी आपापलं जोडून घेतलं, आणि मी ते वीस वर्षं अंगावर मिरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाच वर्षांनी त्याच कॉलेजात कारकुनाची जागा निघाली, ती मी धरली. निकालाचं ते रजिस्टर तिसऱ्या कपाटात आहे. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. आता तुम्ही काय समजायचं ते समजा.

"ताई, तुमच्या खोलीत जुनी रजिस्टरं असतील ना?" टाचणीने विचारलं.

"त्या वर्षाची भिजून गेली. नळ फुटला होता," मी म्हटलं. इतकं पटकन सुचलं, की मलाच नवल वाटलं.

मग ती आईकडे वळली. रोज दुपारी बटणं निवडताना विचारायची. आई सनावळ्या सांगायची, पण बाबांचा विषय आला की तोंड मिटायची. "त्यांचं काय सांगायचं," म्हणायची. आमच्या घरात हे कायमचंच होतं. आम्ही समजायचो, दुःख आहे. आईने टाचणीला स्वतःचा पत्र्याचा डबा मात्र काढून दिला. त्यात बाबांची पाणीखात्याचा शिक्का असलेली कामावरची शिट्टी होती, दवाखान्याचे कागद होते आणि माझी कॉलेजची ओळखपत्रं. एक पिवळं, पहिल्या वर्षाचं. एक निळं, दुसऱ्या वर्षाचं.

टाचणीने ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मी केस विंचरत होते. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या वर्षाचं कुठंय?"

"ते परत घेतात," मी म्हटलं. "कॉलेज सोडलं की परत घेतात."

तिने कार्डं परत डब्यात ठेवली. तिच्या स्वतःच्या ओळखपत्रामागे ठळक अक्षरात छापलेलं आहे, 'हे कार्ड परत घेतले जाणार नाही.' माझ्या पिवळ्या-निळ्या कार्डामागेही तेच छापलेलं आहे. मला कचेरीत जाईपर्यंत आठवलंसुद्धा नाही. तिने ती दोन कार्डं उलटी करून पाहिली होती, हे मी आरशात बघितलं होतं. टाचणी काहीही हातात आलं की उलटं करते.

पुढचे पंधरा दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक. चोराच्या मनात चांदणं. ती वहीत लिहायला बसली की माझा जीव वरखाली. भावासमोर वाचेल, आईसमोर वाचेल, वर्गात वाचेल. तिच्याशी गोड बोलायलाही लागले मी, सकाळी तिचा डबा भरून देऊ लागले. भाऊ म्हणाला, "नणंद-भावजयीचं बरंच जमायला लागलं की!" मी मनातल्या मनात दातओठ खाल्ले, पण करणार काय?

परीक्षा झाली. मे महिन्यात पहिल्या वर्षाच्या गुणांच्या याद्या माझ्याच खोलीत येतात, निबंधांच्या गठ्ठ्यासकट. मी कडी लावली आणि यादीवर बोट फिरवलं. लेखी परीक्षेत पंचाहत्तरपैकी अडतीस. निबंधात पंचवीसपैकी नऊ. सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस! माझे अडुसष्ट. खोटं कशाला बोलू, मला गार गार वाटलं. इतके महिने जेवणाच्या ताटावर जगाचा इतिहास सांगणारी बाई तीन गुणांनी खाली राहिली. आता मुकाट्याने टेबलाशी बसणार. मी एकटीच हसले त्या खोलीत. मग चवीचवीने वाचावा म्हणून तिचा निबंध काढला.

आणि माझं हसू तिथेच राहिलं. निबंध काय सुरेख होता! बाबांच्या शिट्टीवरून त्यांचं खातं, दवाखान्याच्या कागदावरून तारीख आणि वार, त्या वर्षी पाऊस लांबून ऑगस्टातही शहरात पाण्याची टंचाई होती म्हणून मीटरवाल्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या, याचं जुन्या वर्तमानपत्रातलं कात्रण. रजा घेतली नाही, असं आम्ही म्हणायचो. त्यांना ती मिळालीच नव्हती! हे वीस वर्षांत आमच्यापैकी कुणी शोधलं नव्हतं. आणि मग शेवटच्या पानावर एकच वाक्य, मागेपुढे काही नाही, 'वडील गेल्यामुळे माझ्या नणंदेला तिसऱ्या वर्षातून शिक्षण सोडावे लागले.' त्याखाली मॅडमची लाल शाई. 'हेच निबंधाचे मुख्य विधान आणि यालाच पुरावा नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची नोंद कुठे? कॉलेजात रजिस्टरे असताना पाहिली का नाहीत? बाकीचे इतके नेटके करणारी विद्यार्थिनी इथे डोळे का मिटते? सोमवारपर्यंत पुन्हा लिहून दिल्यास गुण बदलीन.'

तिला ठाऊक होतं. कार्डं उलटी केली त्याच दिवशी तिला कळलं होतं. कळूनही तिने मी सांगितलेलं खोटंच जसंच्या तसं लिहिलं, आणि त्यावर आपलं पुढचं वर्ष घालवायला ती तयार झाली.

तुम्हाला वाटेल, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाही आलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आता चांगुलपणातही हिनेच पुढे जायचं? अभ्यासात गेली, भावापाशी गेली, आईपाशी गेली, आणि वर माझी अब्रूही हिनेच सांभाळायची? मी फक्त गप्प बसायचं होतं. सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. पण मग जन्मभर या बाईच्या उपकाराखाली राहायचं, आणि तिने एका शब्दाने ते बोलून दाखवायचं नाही. ते मला सोसलं नसतं. मी तिसरं कपाट उघडलं. रजिस्टर बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. नियम मीच टंकून भिंतीवर लावलाय. मी ते कापडी पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

शनिवारची दुपार होती. भाऊ कामावर होता. टाचणी खिडकीपाशी कुणाच्या तरी विजारीची कड दुमडत होती, आई शेजारी बटणांचं ताट घेऊन बसली होती. मी रजिस्टर टेबलावर आपटलं. खडूचा तुकडा उडून खाली पडला.

"बघ," मी म्हटलं.

टाचणीने कव्हरावरचं साल पाहिलं. तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढून टाचण्यांच्या उशीला टोचल्या. "ताई, नको," ती हळूच म्हणाली. "मॅडमना मी सांगेन, राहून गेलं म्हणून. टेबलाशी बसायला माझी ना नाही."

"बघ म्हणते ना! एवढी कशावरून कशावरून करत असतेस, मग आता का शेपूट घालतेस? पान एकशे बारा. उघड."

"कसलं पुस्तक आणलंयस गं?" आईने विचारलं.

टाचणीने पान उघडलं नाही. हात मागे घेतला. मग मीच उघडलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि वाचलं. नाव, अनुक्रमांक, पुढे 'अनुत्तीर्ण', तारीख बारा जून. आईला म्हटलं, "आई, मी जूनमध्येच नापास झाले होते. तिसऱ्या वर्षाला मी कधी नव्हतेच. बाबा गेले म्हणून काही सुटलं नाही. आधीच सुटलं होतं."

आईच्या हातात एक बटण होतं. ते तिने ताटात टाकलं नाही, की मुठीतही घेतलं नाही.

"त्यांना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांनाही पासच सांगितलं होतं."

मला वाटलं, आई आता रागावेल. मी त्याला तयार होते. लोकांपुढे नाक कापलं म्हणेल, इतकी वर्षं मला फुकट मिरवायला लावलं म्हणेल. आईने बटण ताटात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले होते," ती म्हणाली. "मी त्यांना काय बोलले, ऐकलंस ना तू?"

मी ऐकलं होतं.

"म्हटलं, किती सांगितलं होतं जिने चढू नका म्हणून. आता घर कोण चालवणार? तुमच्या हट्टापायी पोरीचं शिक्षण घालवलंत. तिसऱ्या वर्षात आलेली पोर. असं बोलले मी. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग पुन्हा काही बोललेच नाहीत." आईचा आवाज चढला नाही. "आणि तू खाटेच्या पायथ्याशी उभी होतीस गं. हातात डबा होता तुझ्या. तुला एवढंच म्हणता आलं असतं, की आई, तसं नाहीये."

डबा रिकामा होता, हेही मला आठवत होतं. वाचनालयातून थेट गेले होते. मी एवढंच म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं नाही.

"वीस वर्षं मी त्या माणसाला बोल लावत आले," आई म्हणाली. "त्याचं नावसुद्धा घेतलं नाही."

टाचणी उठून तिच्याजवळ गेली. तिने आईला त्या कात्रणाचं सांगितलं. रजा रद्द झाल्या होत्या, त्यांचा हट्ट नव्हता. आईने दोनदा विचारलं, "नक्की?" टाचणीने कात्रण काढून दिलं, आईने डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि तिथेच तिला रडू फुटलं. माझ्या कबुलीने जे झालं नव्हतं, ते तिच्या कागदाने झालं.

पुढचं थोडक्यात सांगते. निबंध पुन्हा लिहिला गेला, त्याला बावीस पडले, बेरीज साठ झाली. भावाने शब्द पाळला. मला तो पंधरा दिवस काहीच म्हणाला नाही, आणि मग एकदा टीव्हीसमोर सवयीने "ताईला" एवढं म्हणून थांबला.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. आईने डोळे पुसले, ताट बाजूला सारलं आणि टाचणीला म्हणाली, "तुला त्यांच्याबद्दल विचारायचं होतं ना? घे वही. विचार आता." टाचणीने माझ्याकडे पाहिलं. ती मला बोलावत होती, एवढं मला कळलं. पण आईने मान वळवली नाही, आणि आईने म्हटल्याशिवाय मी कशी बसणार? मी तशीच कपाटाला टेकून उभी राहिले, जळत. मग आई बोलू लागली. बाबा शिट्टीवर गाणी वाजवायचे, त्यांना पहाटे उठून सगळ्यांची पायताणं पुसून ठेवायला आवडायचं, माझे अडुसष्ट टक्के आले त्या दिवशी ते मीटर वाचायला गेले त्या प्रत्येक घरी सांगत सुटले होते. टाचणी लिहून घेत होती. माझ्या बाबांबद्दलचं हे सगळं मी आईच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही आई तिला सांगत होती म्हणून.